ताईची वही, फक्त वाचण्यासाठी

भाऊंनी उभ्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील एवढ्या शिव्या त्या अकरा दिवसांत एका कॉम्प्युटरला दिल्या. त्याही मनातल्या मनात. वरच्या खोलीत ताई झोपलेली असायची, आणि त्या घराचा जिना असा की खाली कुणी शिंकलं तरी वरून "सर्दी झाली का रे?" असा प्रश्न यायचा.

भाऊ दात करतात. डॉक्टर लोक माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात. ते प्लॅस्टरमध्ये ओतायचं, त्यावर दात घडवायचा, भट्टीत भाजायचा आणि डबीत घालून परत धाडायचा. घराच्या तळमजल्यावर यासाठी दोन खोल्या आहेत. एकीत भट्टी, धूळ ओढणारं यंत्र आणि भाऊ. दुसरीत मोठी खिडकी, कॉम्प्युटर आणि थोरली बहीण, ताई. छत्तीस वर्षं हे असंच चाललंय. त्याआधी याच दोन खोल्यांत त्यांचे बाबा काम करायचे.

या धंद्यात शाबासकी मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नवा दात बसवून माणूस मोकळेपणी हसला आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही, तर काम झकास झालं असं समजायचं. "आपलं काम दिसता कामा नये," एवढा एकच धडा बाबांनी मुलाला दिला, आणि मुलाने तो दातांपुरता ठेवला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण भाऊंनी तो सगळ्या संसाराला लावला. घरातली कुठलीही गोष्ट ते दुरुस्त करतात, पण ती बिघडली होती हे कुणाला कळू देत नाहीत. बायकोचं तिच्या भावाशी फाटलं होतं, ते यांनी परस्पर जाऊन जुळवलं, आणि बायकोला तो उद्योग दोन वर्षांनी तिसऱ्याच माणसाकडून कळला. "आमच्याकडे नळ गळायचा थांबतो तेव्हा मला कळतं की तो गळत होता," असं ती सगळ्यांना सांगते, आणि सांगताना हसत नाही.

ताईचं तसं नाही. ताई म्हणजे सगळं तोंडावर. पण तिची खरी मिजास तिच्या नजरेची. दाताचा रंग ठरवायचा म्हणजे शेजारच्या दातांशी मिळणारी छटा निवडायची. धंद्यात त्या छटेला सगळे शेड म्हणतात. सोळा छटांचे सोळा नमुन्याचे दात एका पट्टीवर ओळीने लावलेले असतात. ताई माणसाला खिडकीपाशी बसवणार, पट्टी ओठांजवळ धरणार, तीन श्वासांत आकडा सांगणार: ए दोन, बी तीन, जो असेल तो. समोरचा दात असला की गावातले डॉक्टर "शेड ताईंनाच घेऊ द्या" म्हणून माणूसच पाठवून देत.

तो आकडा मग वहीत जाई. वही आता कॉम्प्युटरमध्ये आहे, पण घरात तिला अजून वहीच म्हणतात. आणि वहीत आकडा पडला की पडला, त्याला कुणी हात लावायचा नाही. चार वाजता ताई वही उघडणार, आकडा वाचणार, कमरेच्या किल्लीने कपाट उघडून त्या आकड्याच्या बाटलीतली पूड वाटीत काढून देणार. बाटल्यांवरचे आकडे बोटभर उंचीचे, तिथे चुकायची सोय नाही. भाऊंनी मग ती पूड दाताला लावायची आणि भाजायची.

कॉम्प्युटर एकच, पण त्यात बिऱ्हाडं दोन. ही वाटणी भाचीने, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीने, करून दिलेली. ती परगावी कॉम्प्युटरचंच काम करते. ताईच्या वाट्याला विंडोज, त्याला ताईचा पासवर्ड, आणि वही तिथेच. भाऊंच्या वाट्याला लिनक्स ही दुसरी प्रणाली, तारेच्या कवळ्यांचे नकाशे काढायला; मशीन चालू करताना दोन्हींपैकी एकच निवडायची. सकाळपासून दोनपर्यंत मशीन ताईचं. दोनला ती वर जाऊन जेवणार, झोपणार, पावणेचारला उतरणार. मधला पावणेदोन तासांचा वेळ भाऊंचा. गंमत अशी की लिनक्समधून ताईचं अख्खं बिऱ्हाड उघडं दिसायचं, पासवर्ड वगैरे काही न विचारता. "असं कसं?" असं भाऊंनी विचारलं होतं, तेव्हा भाची म्हणाली होती, "होतं तसं, मामा. भिंत पलीकडच्या बाजूनेच आहे."

पाच महिन्यांपूर्वी एका मास्तरीणबाईंचा दात डॉक्टरांकडून परत आला. सोबत चिठ्ठी: "हा दात शेजाऱ्यांच्या ओळखीचा वाटत नाही." भाऊंनी भट्टीला दोष दिला. पंधरा दिवसांत दुसरा परत आला, तेव्हा मात्र ते सावध झाले. त्यानंतर कुणी खिडकीपाशी बसलं की भाऊ काहीतरी निमित्त काढून ट्रे घेऊन तिथून जायचे आणि तिरक्या नजरेने बघून घ्यायचे. ए दोनच्या माणसाला ताई ए तीन म्हणत होती. बी एकला बी दोन. पेपर वाचायला ती हल्ली खिडकीत जायची, बल्ब मोठा लावायला सांगायची, सुईत दोरा ओवायला वहिनीला हाक मारायची. भाऊंना कळायचं ते कळलं.

"सांगून टाका ना ताईंना," बायको म्हणाली. "सरळ डोळे तपासायला न्या."

"सांगू. योग्य वेळ बघून सांगू."

योग्य वेळ म्हणजे कधीच नाही, हे दोघांनाही माहीत होतं. ज्या नजरेवर ताई चाळीस वर्षं ताठ मानेने वावरली, ती गेली असं तिच्या तोंडावर सांगायचं धाडस भाऊंच्या अंगात नव्हतं. त्यापेक्षा त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. दुपारी ताई झोपली की लिनक्समधून तिची वही उघडायची, तीनचा दोन करायचा, बंद करायची. चारला ताई वहीतला आकडा वाचणार, बरोबर बाटली काढणार, बरोबर दात होणार. बदललेला प्रत्येक आकडा भाऊ एका कागदावर टिपून ठेवत, आधीचा काय आणि नंतरचा काय, कारण माघारी फिरता येणार नाही असं काम करायचं नाही हीसुद्धा बाबांचीच शिकवण. चार महिन्यांत बावीस आकडे झाले. एकही दात परत आला नाही. भाऊ स्वतःवर खूश होते, आणि खूश असण्यासारखं त्यात काय होतं ते त्यांनाच ठाऊक.

ताई अलीकडे जरा गप्प झाली होती, एवढं खरं. कधी पुटपुटत आकडे म्हणायची. कधी वार विचारायची आणि उत्तराआधी स्वतःच सांगून टाकायची. वय झालं, असं भाऊंनी मनाशी म्हटलं.

आणि मग त्या सोमवारी वहीला कुलूप बसलं.

वही उघडली, आकडे दिसले, पण बदललेला आकडा ठेवायला गेले तर पाटी आली: ही जागा फक्त वाचण्यासाठी आहे. भाऊंना वाटलं, आपलंच बोट चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा पाटी. फाइलवर उजवी कळ दाबून परवानग्या बघितल्या. तिथे लिहिण्याच्या चौकोनात खूण करायला गेले, तर खूण उमटायची आणि लगेच पुसली जायची. मशीन बंद करून चालू केलं. ती पाटी गेली नाही. चाळीस मिनिटं अशी गेली, आणि त्या दिवशी एका सोनाराच्या सुळ्यासाठी ताईने चुकीची बाटली काढली.

भाऊंनी वाटी हातात घेतली आणि दोन पावलांवर सांडली.

"धांदरट!" ताई ओरडली. "एवढी महाग पूड!"

"तू बस, मीच काढतो," म्हणून भाऊंनी किल्ली मागून घेतली आणि योग्य बाटलीतली पूड काढली. सोनाराचा सुळा वाचला. पण हा उपाय काही रोज करण्यातला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ इंटरनेटवर बसले. तिथे त्यांच्यासारखे नाडलेले शेकडो लोक होते, आणि प्रत्येकाला चार शहाणे चार उपाय सांगत होते. काळ्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलमध्ये, अमुक ओळ लिहा. लिहिली. ती चालली नाही, तर तिच्याआधी मालकी हक्काचा शब्द लावा. लावला. पासवर्ड विचारला, तोही दिला. मशीनने अदबीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी तेच सांगितलं. ताईच्या खणाचं, म्हणजे डिस्कवरच्या तिच्या जागेचं, दार काढून पुन्हा बसवा, असा कुणीतरी सल्ला दिला होता; तसं केल्यावर तर ते दार अर्धा तास उघडेचना आणि भाऊंना घाम फुटला. एकाने लिहिलं होतं, "माझं आपोआप झालं." त्या माणसाला भाऊंनी सगळ्यात जास्त शिव्या दिल्या.

सगळ्यांत राग कशाचा यायचा, तर सगळं दिसायचं याचा! धड बंद असतं तर माणूस नाद सोडतो. इथे ताईची चूक ढळढळीत समोर, अक्षरन् अक्षर वाचता येतंय, आणि तीनचा दोन करायचा म्हटलं तर नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जबड्यांत काम करणाऱ्या माणसाला एका आकड्याला हात लावता येत नव्हता.

गुरुवारी भाऊंनी पुन्हा वाटी सांडली. या वेळी ताई ओरडली नाही. तिने भाऊंचे दोन्ही हात धरून उजेडात नेले आणि तळवे उलटसुलट करून पाहिले.

"थरथरतात का रे?"

"छे गं. घसरली."

"थरथरत असतील तर लपवू नकोस. बाबा लपवत होते."

बाबांचा विषय त्या घरात सहसा निघत नसे. शेवटची सहा वर्षं बाबा सगळं विसरले होते. वरची कवळी खालच्या साच्यावर बसवायला बघत, आणि बसत नाही म्हणून रडत. ताईलाच एकदा विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" लग्नाचं बाजूला ठेवून ताईनेच ती सहा वर्षं काढली. भाऊंनी हात सोडवून घेतले आणि तिसऱ्यांदा वाटी सांडायची नाही असं ठरवलं.

शेवटी भाचीला फोन लावला.

"मामा, आत विंडोज झोपलंय," ती सगळं ऐकून म्हणाली.

"झोपलंय कसलं? ताई रोज बंद करून जाते."

"बंद नाही करत. झोपवते. झोपवलं की ते सगळं उघडं तसंच लक्षात ठेवून डोळे मिटतं. मधल्या वेळात तू आतलं काही हलवलंस, तर उठल्यावर त्याच्या लक्षात एक आणि समोर भलतंच. म्हणून लिनक्स तुला फक्त वाचू देतं."

"मग उपाय काय?"

"सोप्पा आहे. विंडोज उठव आणि पूर्ण बंद कर. मावशीकडून पासवर्ड घे."

भाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मामा, तुला नक्की काय लिहायचंय तिथे?"

"काही नाही गं. सहज."

भाची म्हणाली, "मावशीशी बोल, मामा." आणि फोन ठेवला. भाऊंना वाटलं, आजकालच्या मुलांना सरळ उत्तर द्यायला नको.

मधल्या दिवसांत जे दोन दात गेले ते सुदैवाने मागच्या दाढा होत्या, कुणी आत वाकून बघत नाही. पण अकराव्या दिवशी सकाळी पोस्टातली बाई आली. तीन महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडून तिचे पुढचे दोन्ही दात गेले होते. काउंटरवर बसून दिवसभर लोकांशी बोलायचं काम, आणि ही बाई बोलताना तोंडापुढे पाकीट धरायची. खिडकीपाशी बसल्यावरही हात तोंडावरून निघेना. ताईने गोड बोलून तो काढायला लावला, पट्टी धरली आणि खूप वेळ पाहत राहिली. पूर्वी एवढा वेळ कधी लागला नव्हता.

"ए चार," ताई म्हणाली.

ट्रे घेऊन उभ्या असलेल्या भाऊंनी बाईच्या दातांकडे पुन्हा एकदा बघून घेतलं. ए चार म्हणजे चाळीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्याचा दात. बाई स्वच्छ ए दोन होती. उद्या दुपारी डॉक्टरांनी तिला बोलावलं होतं, आणि असे दात बसले असते तर तिने तोंडापुढचं पाकीट जन्मात काढलं नसतं.

दुपारी अडीचला भाऊ मशीनसमोर बसले. कुठल्याशा चर्चेत एकाने सांगितलेली एक ओळ त्यांनी आठ दिवसांपासून टिपून ठेवली होती आणि भीतीने वापरली नव्हती. त्या ओळीने झोपलेल्या विंडोजची आठवण फेकून देता येत होती. मग ते झोपलेलंच नव्हतं असं समजून खण उघडतो. खाली इशारा होता: आत जे उघडं, न साठवलेलं असेल ते कायमचं जाईल. ताई काय उघडं ठेवणार, भाऊंनी विचार केला. फार तर वही, आणि ती तर साठवलेली आहे. त्यांनी ओळ लिहिली, एकदा जिन्याकडे पाहिलं आणि कळ दाबली.

खण उघडला. चारचा दोन केला. ठेवला. पाटी आली नाही. कागदावर तेविसावी नोंद करून भाऊंनी असा सुस्कारा सोडला की वरून आवाज आला, "काय झालं रे?"

"काही नाही. झोप तू."

पावणेचारला ताई उतरली. चष्मा पुसून बसली. रोज दहा मिनिटांत "भाऊ, वाटी आण" अशी हाक यायची. चार वाजले, सव्वाचार झाले. भाऊ स्वतःच वाटी घेऊन गेले. ताई पडद्याकडे बघत होती आणि तिचे हात मांडीत पडले होते.

"इथे माझं पान होतं," ती म्हणाली.

"कसलं पान?"

"वहीशेजारी एक कोरं पान उघडं ठेवते, साठवत नाही. सकाळी जो आकडा वहीत लिहिते तोच त्या पानावर पुन्हा लिहिते. उठून आले की दोन्ही ताडून बघते." तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "आज मी ए चार लिहिला, दोन्हीकडे. मला स्पष्ट आठवतंय. आणि वहीत ए दोन आहे. आणि पान नाहीच आहे. म्हणजे मी लिहिलंच नव्हतं, मला नुसतं वाटलं."

भाऊंनी हातातली वाटी टेबलावर ठेवली.

"चार महिने असं चाललंय," ताई म्हणाली. "लिहिते एक, जेवून येते तर दुसरंच. कुणाला बोलले नाही. बाबांचं असंच सुरू झालं होतं ना? मग पोरीला विचारलं, मशीन असं ठेवता येतं का की मी येईपर्यंत आतलं काही हलणार नाही. तिने झोपवायला शिकवलं, मी तिला शपथ घातली की कुणाला सांगू नकोस. दहा दिवस एक आकडा हलला नाही, भाऊ. मला वाटलं मशीनचाच दोष होता, मी सुटले. दहा दिवस मला झोप लागली." तिने कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "ही घे. आणि मला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन चल. एकटीला भीती वाटते."

भाऊंना वाटलं, भट्टीत जाऊन बसावं. चार महिने आपण काय करत होतो हे त्यांना त्या एका वाक्यात दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या गुपचूप कामाची किळस आली.

"ताई, आकडे मी बदलले."

ताईने मान वर केली.

"सगळे. आजचाही. तुझं पानही मीच घालवलं. तू लिहिलं होतंस."

"का?"

चार महिने ज्या वाक्याला ते घाबरत होते ते बोलायला चार सेकंद लागले. "तुला रंग नीट दिसत नाहीत. मोतीबिंदू असणार. डोकं शाबूत आहे तुझं, ताई. तुला सगळं बरोबर आठवत होतं."

ताईने टेबलावरची रंगपट्टी उचलली आणि भाऊंच्या खांद्यावर हाणली. सोळाही दात खडखडले.

"गाढवा! डोळ्यांना डॉक्टर असतो! चष्मा असतो! मी चार महिने बाबा होत चालले होते, आणि तू मला एका शब्दाने सांगत नाहीस?"

"मी रोज म्हणत होते," जिन्यावरून बायको म्हणाली. ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे.

ताई रडली, भरपूर रडली. पदराने नाक पुसलं, आणि पुन्हा एकदा पट्टी उगारून खाली ठेवली. मग तिने विंडोज पूर्ण बंद केलं, पूर्वी रोज करायची तसं, आणि खुर्ची बाजूला सरकवली.

"लाव तुझं ते. वही उघड. जिथे जिथे हात लावलास तिथे आधी माझा आकडा परत घाल. शेजारी तुझा घाल. आणि पुढे तुझं नाव."

"कशाला आता..."

"मी बघतेय तोवर लिही."

भाऊंनी खिशातून कागद काढला. ताईने हात पुढे करून तो अडवला.

"तुझ्या मांडीवर ठेव. सांगू नकोस मला." तिने डोळे मिटले. "मास्तरीणबाईंनंतरचा पहिला कोण? तो वाजंत्रीवाला. वरचा डावा. मी ए तीन लिहिला होता. पुढे?"

भाऊ नाव सांगत गेले आणि ताई आकडा. सोनाराची सून, बी दोन. दुधाच्या गाडीवाला, ए साडेतीन. ज्याला शिट्टी वाजवता यायला हवी होती तो पंच, सी दोन. भाऊ एका हाताने टाइप करत होते आणि दुसऱ्या हाताचं बोट मांडीवरच्या कागदावरून खाली सरकवत होते. बावीस नावं झाली. शेवटच्या, पोस्टातल्या बाईपाशी ताई थांबली, आणि तिने तो आकडाही सांगितला.

"किती चुकले?" ताईने डोळे न उघडताच विचारलं.

भाऊंनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. "एकही नाही."

ताईने डोळे उघडले. मग तिने किल्ली उचलून कमरेला लावली, कपाट उघडलं आणि ए दोनची बाटली काढली.

"आता डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लाव," ती म्हणाली. "माझ्यासमोर लाव."